थांबलेली दारू, पळती दारू

मार्च सरत आला की घाटंजी तालुक्यातली जंगलाकाठची गावं उजाडायच्या आत उठतात. पारव्याकडून टिपेश्वर अभयारण्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बाया टोपल्या आणि बॅटऱ्या घेऊन मोहाखाली जमतात. झाडावर कुणी चढत नाही, काठीनं कुणी झोडपत नाही. ‘फूल तोडाचं नस्ते बाप्पा, ते सोताच पडते,’ असं एका आजीनं मला ऐकवलं होतं, एवढंही कसं ठाऊक नाही अशा सुरात. खरंच, पहाटेच्या अंधारात नुसता टपटप आवाज चालू असतो आणि उन्हं वर येईपर्यंत झाडाखालची जमीन पिवळसर होऊन जाते.

हातात घेतलं तर मोहाचं फूल फुलासारखं वाटतच नाही. दीडेक सेंटिमीटरचा जाड, पोकळ, फिकट गोळा. एका बाजूला भोक, कारण त्याची तपकिरी टोपी झाडावरच राहिलेली असते. दाबला की बोटं चिकट होतात. तोंडात टाकला तर आधी भडक गोडी येते आणि मागून एक उग्र वास नाकात चढतो. तो काहींना आवडतो, काहींना सोसत नाही. चार दिवस उन्हात पडला की तांबूस होऊन मनुक्यासारखा सुरकुततो. या वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. ऊस लावा, तोडा, गाळा, उकळा, एवढा खटाटोप करून माणूस जे मिळवतो ते हे झाड कसलीही मशागत न करता जमिनीवर टाकून देतं.

फुलात एवढी साखर भरायचं कारण काय? मोह रात्री उमलतो. त्याचं गिऱ्हाईक मधमाशी नाही, वटवाघूळ आहे. एवढ्या मोठ्या प्राण्याला मधाचा थेंब पुरत नाही, म्हणून झाडानं पाकळ्याच खाऊ म्हणून देऊ केल्या. वटवाघूळ फूल ओढून खातं, त्याच्या तोंडाला पराग लागतो, पुढच्या फुलाचं काम होतं. उरलेली फुलं पहाटे गळतात आणि त्यांच्यावर हरीण, अस्वल आणि माणूस असे तिघे हक्क सांगतात. मोहाच्या दिवसांत विदर्भात अस्वलाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. अस्वल आणि माणूस एकाच वेळी एकाच झाडाखाली पोचतात.

आता इथून एकदम आयर्लंडला जातो. कारण मला एक गोष्ट बरेच दिवस छळते आहे. साखर, किण्व (यीस्ट), आग आणि थंड पाणी या चार गोष्टींतून मोहाची दारू होते. आयरिश व्हिस्कीही याच चार गोष्टींतून होते. मग एक प्लास्टिकच्या पन्नीतून, इकडेतिकडे बघत विकली जाते आणि दुसरी विमानतळावरच्या दुकानात उजेडाखाली मांडलेली असते, हे कसं झालं? मोह गावठी आणि व्हिस्की विलायती, हे उत्तर मला पटत नाही. कच्चा माल बघितला तर उलट मोहच वरचढ ठरतो.

आयर्लंडचं धान्य जव. जवाच्या दाण्यात साखर जवळजवळ नसते, स्टार्च असतो, आणि किण्वाला स्टार्च खाता येत नाही. तेव्हा आधी त्या स्टार्चची साखर करून घ्यावी लागते, आणि ते काम दाण्याकडूनच करवून घेतात. जव भिजवून पसरतात. दाण्याला वाटतं पेरणी झाली, उगवायची वेळ आली. रोपट्याला खायला घालण्यासाठी तो आपल्या पोटातला स्टार्च फोडणारी विकरं तयार करतो. आपण मटकीला मोड आणतो तेव्हा आत हेच घडत असतं. मोड जरा पुढे सरकला की गरम हवा देऊन दाणा वाळवतात. कोंब मरतो, विकरं टिकतात. हा झाला माल्ट. तो भरडून गरम पाण्यात घातला की विकरं राहिलेलं काम पुरं करतात आणि गोड पाणी मिळतं. स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी हा दाणा दलदलीतल्या पीटच्या धुरावर वाळवतात, म्हणून तिथल्या काही व्हिस्क्यांना धुराचा वास येतो. आयर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी धूर टाळतात.

म्हणजे बघा, आयरिश माणसाला आठवडाभर दाण्याची फसवणूक करून जी साखर मिळते ती घाटंजीच्या रानात टोपलीत गोळा होते.

पुढचा टप्पा दोन्हीकडे सारखा. पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत ‘मोहाचा सडवा नष्ट केला’ असं वाक्य हमखास असतं. सडवा म्हणजे भिजून आंबत असलेली फुलं. त्यात अब्जावधी सूक्ष्म पेशी साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, म्हणून तो बुडबुडतो, खदखदतो. हातभट्टीवाले काळ्या गुळाबरोबर नवसागर घालतात, आणि त्यावरून बरीच भीती पसरलेली आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यात नायट्रोजन असतो, आणि नुसत्या साखरेवर वाढणाऱ्या किण्वाला नायट्रोजनाचीच वाण पडते. हे ज्ञान भट्टीवर कुणी पुस्तकातून आणलेलं नाही. पण त्या नवसागरात आणखी काय मिसळलेलं आहे याची खात्री कुणी देत नाही, ही दुसरी बाजू.

मग येते भट्टी. आपल्याकडे चुलीवर मातीचं मडकं किंवा जर्मनचा (अॅल्युमिनियमचा) गंज, त्यावर दुसरं भांडं, सगळ्यात वर थंड पाण्याचं भांडं. वाफ वर जाते, थंड बुडाला लागते, थेंब होऊन खाली येते आणि आत टांगलेल्या वाडग्यात किंवा नळीतून बाहेर पडते. शाळेत शिकवतात की मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो आणि पाणी १०० ला, म्हणून आधी मद्यार्क निघून जातो आणि पाणी मागे राहतं. तसं ते इतकं सरळ होत नाही. मिसळलेले द्रव एकत्रच उकळतात, दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी तापमानाला. फक्त वाफेत मद्यार्काचं प्रमाण खालच्या द्रवापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून एकदा गाळलं की जोर वाढतो, पुन्हा गाळलं की आणखी वाढतो. आयरिश पद्धत बहुधा तीनदा गाळायची. तिसऱ्या खेपेला मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर जातो आणि दारू हलकी, गुळगुळीत होते.

या धारेची एक गंमत आहे. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, कडक. माणसाच्या स्वभावालाही हा शेरा लावतात. आयर्लंडच्या भट्टीवरचा जाणता कामगार पहिली धार ग्लासात येऊच देत नाही. तिच्यात अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट असली लवकर उडणारी, नाकाला झोंबणारी रसायनं भरलेली असतात. शेवटची धारही तो वेगळी काढतो, कारण तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा जड वास असतो. ही दोन्ही टोकं पुढच्या घाण्यात परत घालतात. पिंपात जाते ती फक्त मधली धार. कुठं कापायचं आणि कुठं थांबायचं, यात त्या कारखान्याची सगळी ओळख असते. इथं आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. विषारी मिथेनॉल सगळं पहिल्या धारेत निघून जातं असं अनेकांना वाटतं; प्रत्यक्षात ते थोडं थोडं शेवटपर्यंत येत राहतं. पण फुला-धान्याच्या सडव्यातच ते मुळात कमी असतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली ती कारखान्यांत वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेल्यामुळे. अशा दुर्घटना बहुतेक वेळा भट्टीत घडत नाहीत, भट्टीनंतरच्या भेसळीत घडतात.

भांडं कशाचं, यानंही फरक पडतो. आयर्लंडची भांडी तांब्याची, पोटाला मोठी आणि वर लांब मानेची. किण्व काम करताना गंधकाची संयुगं सोडतं, त्यांना कुजक्या अंड्याचा, उकडलेल्या कोबीचा वास असतो. वाफ तांब्याला घासून जाताना तांबं हा गंधक धरून ठेवतं. म्हणून ही भांडी आतून झिजतात आणि काही वर्षांनी बदलावी लागतात. जर्मनच्या गंजाला हे जमत नाही. मोहाच्या दारूतला जो उग्र दर्प आपण फुलाच्या माथी मारतो, त्यातला काही वाटा भांड्याचाही असणार, असं मला वाटतं.

एवढं झालं तरी दोन्हीकडे हातात येतं ते पाण्यासारखं पारदर्शक. इथपर्यंत व्हिस्की आणि मोह सख्खी भावंडं. फाटा फुटतो तो यानंतर, आणि तो सरकारदरबारी फुटतो.

आयर्लंडमध्ये १६६१ साली दारूवर कर बसला आणि घरोघरच्या भट्ट्या बेकायदा ठरल्या. लोकांनी त्या डोंगरात, दलदलीच्या पलीकडे नेल्या. त्या चोरट्या दारूला पोचीन म्हणतात. कच्ची, पांढरी, जळजळीत. धूर दिसू नये म्हणून पोचीन काढणाऱ्याला वाऱ्यापावसाचे दिवस निवडावे लागत, आणि माल निघाला की तो लगेच हलवावा लागे. टिपेश्वरच्या नाल्याकाठच्या भट्टीवाल्याला ही गोष्ट सांगितली तर तो हसेल, त्याला यात नवीन काही दिसणार नाही. त्याच बेटावर, तेच जव वापरून, ज्याच्याकडे परवाना होता त्याची व्हिस्की झाली आणि ज्याच्याकडे नव्हता त्याची पोचीन राहिली. कारण व्हिस्कीला पिंपात वर्षानुवर्षं पडून राहावं लागतं. पोलिसांना चुकवणारा माणूस तीन वर्षं भरलेली पिंपं सांभाळत बसेल कसा? पोचीनची विक्री आयर्लंडमध्ये कायदेशीर झाली ती थेट १९९७ मध्ये. मधली तीनशेहून अधिक वर्षं तिनं पळण्यातच काढली.

करानं चवही घडवली. १७८५ मध्ये माल्टवर कर लागला, तेव्हा डब्लिनच्या धूर्त कारखानदारांनी मोड न आणलेला, बिनकराचा जव अर्ध्याहून अधिक मिसळायला सुरुवात केली. त्यातून एक वेगळीच दारू निघाली: तेलकट अंगाची, मिऱ्या-आल्यासारखी तिखटसर. आज ‘सिंगल पॉट स्टिल’ नावानं लोक जिला डोक्यावर घेतात ती हीच, कर चुकवण्याच्या युक्तीतून आलेली. त्याहून गमतीची गोष्ट एनियस कॉफीची. हा डब्लिनचा आबकारी अधिकारी, भट्ट्यांवर धाडी घालण्यात हयात गेलेला. निवृत्त झाल्यावर त्यानं १८३० मध्ये अखंड चालणाऱ्या स्तंभ-भट्टीचं पेटंट घेतलं. एका बाजूनं सडवा ओता, दुसऱ्या बाजूनं जवळजवळ शुद्ध मद्यार्क घ्या, मध्ये थांबायचं कामच नाही. आयरिश कारखानदारांनी नाकं मुरडली: याला चव नाही. स्कॉटलंडनं ती उचलली, स्वस्त मिश्र व्हिस्की काढली आणि जगाचा बाजार मारला. पुढे दारूबंदीच्या चळवळी, इंग्लंडशी भांडण, अमेरिकेतली १९२० ते १९३३ ची बंदी असे एकामागून एक दणके बसले आणि १९७० च्या दशकात सगळ्या आयर्लंडमध्ये व्हिस्कीचे दोनच कारखाने उरले: दक्षिणेला मिडल्टन आणि उत्तरेला १६०८ च्या परवान्याचा मान मिरवणारं बुशमिल्स. आज ते पुन्हा चाळिसांच्या पुढे गेलेत. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या मळीपासून जो मद्यार्क निघतो तो कॉफीच्या त्याच यंत्राच्या नातवंडांतून निघतो. त्याच्यावर ‘व्हिस्की’ अशी चिठ्ठी लावून जे विकतात त्याला युरोपात व्हिस्की म्हणायची परवानगी नाही.

आपली बाजू अशी. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला, दारू गाळणं सरकारी मक्त्यात गेलं. १८९२ मध्ये तर खास मोहासाठी वेगळा कायदा झाला, आणि ठाणे-कुलाब्याच्या भागात मोहफूल जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. झाडाच्या फुलाला गुन्ह्यातला मुद्देमाल करणारं सरकार! घाटंजी तेव्हा वऱ्हाडात, मुंबई इलाख्याबाहेर. पण इंग्रजी अंमलात तिथंही महसुलाची नजर तीच होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. महाराष्ट्रानं मोहफूल गोळा करण्यावरचे, बाळगण्यावरचे, वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत गोंड-कोलामांच्या देवापुढे ज्याचा थेंब पडतो, त्या फुलाची पाटी बाजारात न्यायला इतकी वर्षं लागली.

हे लिहिताना यवतमाळ जिल्ह्याची दुसरी बाजू मी विसरत नाही. शेजारचा वर्धा जिल्हा कित्येक दशकं कोरडा आहे, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ते २०२१ पर्यंत होता. यवतमाळातही दारूबंदीसाठी बायांनी मोर्चे काढले आहेत, आणि ज्या घरात रोजची मजुरी गुत्त्यावर जाते त्या घरातल्या बाईला मी तांब्याच्या भांड्याचं कौतुक सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच की मोहाच्या दारूची जी बदनाम चव आहे ती फुलाचा गुण नाही. घाईनं गाळलेली, न कापलेली, न थांबलेली दारू कुठल्याही देशात अशीच लागते.

आता थांबण्याकडे येऊ. आयरिश कायदा म्हणतो: दारू बेटावरच, लाकडी पिंपात, किमान तीन वर्षं. पिंप ओकचं, आणि बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेलं. तिथल्या बर्बनला कायद्यानं दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओक लागतं. मग एकदा वापरलेल्या पिंपांचं करायचं काय? ती स्वस्तात समुद्रापार जातात. अमेरिकेच्या एका नियमानं आयर्लंडच्या व्हिस्कीला तिचा व्हॅनिलाचा वास दिला असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही, कारण जाळलेल्या लाकडातलं लिग्निन फुटून जे पदार्थ होतात त्यांत व्हॅनिलिन असतं, तेच जे व्हॅनिलाच्या शेंगेत असतं. सगळा सोनेरी रंगही लाकडाचाच. दिवस तापला की दारू फुगून लाकडात शिरते, गार झाला की परत येते, आणि येताना काहीतरी घेऊन येते.

त्या श्वासोच्छ्वासात थोडी दारू हवेत जाते. आयर्लंडच्या गारव्यात वर्षाला साधारण २ टक्के. बंगळुरूच्या अमृत कारखान्यात हाच आकडा १० टक्क्यांच्या पुढे जातो. मग मे महिन्यात पारा ४५ ला टेकणाऱ्या आमच्या यवतमाळात पिंप ठेवलं तर? काही वर्षांतच तळ दिसायला लागेल. शिवाय कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं आणि उरलेली दारू जहाल होत जाते. आयर्लंडच्या दमट हवेत उलट मद्यार्क जास्त जातो आणि ती सौम्य होते. म्हणजे घाटंजीत पिकवलेली दारू लवकर रंग धरेल, पण तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागेल. ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजनं मोहाची दारू रीतसर परवान्यानं, बाटलीवर नाव छापून बाजारात आणली आहे. तोच कारखाना माल्ट व्हिस्कीही पिंपांत मुरवतो. मध्य प्रदेशनं अलिराजपूरकडच्या आदिवासी गटांना मोहाची दारू काढून विकायची वाट मोकळी केली. विदर्भात, जिथं मोहाचं रान आहे, तिथं अजून कुणी हे केलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आयरिश व्हिस्की प्यायची कशी, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. आधी परवाना आणि वय; महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी २५ वर्षं पुरी लागतात. बर्फ नको, सोडा तर नकोच. तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास घ्या, म्हणजे वास आत कोंडून राहतो. नाक खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. मग चमच्यानं दोन-चार थेंब साधं पाणी घाला आणि पुन्हा हुंगा. वास बदललेला असतो. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून याचं एक कारण दाखवलं: ग्वायाकोलसारखे वासाचे रेणू पाण्याशी फटकून वागतात. दारू कडक असते तेव्हा मद्यार्काचे रेणू त्यांना खाली वेढून ठेवतात. पाणी वाढलं की ते पृष्ठभागावर येतात, म्हणजे नाकाजवळ. ‘पाणी घालून दारूचा सत्यानाश केला’ म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा, ऐकणार नाहीत.

आणि आता आयरिश कॉफी, जिच्यात मला व्हिस्कीपेक्षाही जास्त विज्ञान दिसतं.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फॉइन्स नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्यावर उतरणारी विमानं इथून अटलांटिक ओलांडत. १९४३ च्या हिवाळ्यात, असं सांगतात, एक विमान खराब हवेमुळे अर्ध्या वाटेवरून परत आलं आणि गारठलेल्या उतारूंसाठी तिथला आचारी जो शेरिडन यानं गरम कॉफीत व्हिस्की घातली, वर क्रीम सोडलं. पुढे स्टॅंटन डेलाप्लेन नावाचा अमेरिकन पत्रकार ती चव सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन गेला. १० नोव्हेंबर १९५२ च्या रात्री तो आणि ब्युएना व्हिस्टा कॅफेचा मालक जॅक केप्लर ती जमवायला बसले. चव जुळली, पण क्रीम बुडायचं. दर वेळी. शेवटी शहरात दूधधंदा असलेल्या आणि नंतर महापौर झालेल्या जॉर्ज क्रिस्टोफर यांनी सल्ला दिला म्हणे, की क्रीम दोन दिवस जुनं घ्या आणि जरासंच घुसळा.

बुडायचं का? इथं तराजू मांडून बघायला हवा. पाण्याची घनता १ धरली तर मद्यार्काची ०.७९. म्हणजे व्हिस्की घातली की कॉफी हलकी होते. कॉफी कढत असते, आणि तापलेलं पाणी फुगतं, म्हणून ती आणखी हलकी. उलट क्रीम थंडगार. त्यातलं स्निग्ध पाण्याहून हलकं असलं तरी बाकीचा भाग दूधच असतो, त्यामुळे त्याची घनता जवळजवळ पाण्याइतकीच राहते. अशा हलक्या, गरम द्रवावर ओतलेलं थंड क्रीम खाली जाणारच. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. कॉफी जड करायची, म्हणजे साखर विरघळवायची. गोडी नको असणाऱ्यांनीही निदान दोन चमचे. आणि क्रीम हलकं करायचं, म्हणजे त्यात हवा भरायची. घुसळताना स्निग्धाचे गोळे एकमेकांना अर्धवट चिकटून बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. त्यासाठी क्रीममध्ये स्निग्ध ३० टक्क्यांच्या वर हवं आणि ते थंड हवं, नाहीतर गोळे वितळून जातात.

यवतमाळसारख्या ठिकाणी खरी अडचण इथंच येते. व्हिस्की मिळते, कॉफी मिळते, क्रीम मिळत नाही. दुधावरची साय कामाची नाही: ती तापलेल्या प्रथिनांचा पापुद्रा असते, घुसळली की गाठी होतात किंवा लोणी निघतं. डबीतलं २५ टक्क्यांचं क्रीम कितीही घोटा, उभं राहत नाही. वाढदिवसाच्या केकवरचं पांढरं क्रीम तरंगतं छान, पण ते बहुधा वनस्पती तेलाचं आणि गोडमिट्ट असतं. सगळ्यात चांगलं म्हणजे ज्या डेअरीत सेपरेटर फिरतो तिथून म्हशीच्या दुधाचं ताजं, घट्ट क्रीम आणायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. मग झाकणाच्या बरणीत अर्धं भरून हलवायचं. आवाजाकडे कान द्या: आधी खळखळ, मग ती मंदावते, मग आवाज जवळजवळ बंद होतो. तिथं थांबा. क्रीम चमच्यावरून सावकाश ओघळलं पाहिजे. गोळा पडला तर पुढे गेलात.

बाकीचं सोपं. काचेचा ग्लास गरम पाण्यानं तापवून घ्या. दोन चमचे लालसर साखर, त्यावर १२० मिलिलिटर कडक काळी कॉफी, साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. मग ४० मिलिलिटर व्हिस्की. साधी, मिश्र आयरिश चालते, महागडी इथं वाया जाते. पुन्हा एकदा ढवळून द्रव स्थिर होऊ द्या. चमचा उलटा करून पृष्ठभागाला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून क्रीम सोडा, बोटभर जाड. वरून काही भुरभुरू नका. ढवळायचं नाही, स्ट्रॉ वापरायचा नाही. थंड क्रीमच्या आडून गरम कॉफी ओठांशी आली पाहिजे, सगळी मजा त्या दोन तापमानांत आहे.

आता विदर्भाचं घोडं पुढे दामटतो. कॉफी आपल्या मातीतही होते: अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या माथ्यावर, चिखलदऱ्याला. इंग्रजांनी लावलेली झाडं, थोडंसंच पीक, पण आहे. आणि साखरेच्या जागी मोह. वाळलेली फुलं निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, बुडतील एवढ्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची, फडक्यातून पिळायची आणि तो रस मंद आचेवर मधाइतका दाट आटवायचा. मोहफुलांचे लाडू आणि भाकरी करणाऱ्या घरांत हे काही नवं नाही. हा काळसर पाक दोन चमचे घातला की कॉफी जड होते, क्रीम निमूट तरंगतं, आणि फुलाचा उग्र वास कॉफीच्या कडवटपणात मुरून खजुराच्या अंगानं जातो. व्हिस्की घालायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. न घालता केली तर द्रव आणखी जड राहतो आणि क्रीम जास्तच सहज उभं राहतं. फुलं मात्र यंदाची, स्वच्छ जागी वाळवलेली घ्या. झाडाखालचा पाचोळा जाळून वेचलेल्या फुलांना राखेचा आणि धुराचा वास लागलेला असतो, आणि त्या आगीनं जंगलही जातं. खाली जाळी बांधून गोळा केलेली मिळाली तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्यावीत.